साठ टॉवेलांची मागणी

सकाळी ७. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना. चार नंबरच्या मागावरचं सूत रात्रीच संपलंय. टॉवेलच्या मागाला बीम दोन लागतात. एक पायाच्या ताण्याचं, दुसरं लूपचं. नवी बीमं चढली की जुन्या ताण्याचा प्रत्येक धागा नव्या धाग्याला गाठायचा. असे हजारो धागे. तोवर माग बंद, आणि विणकराला मजुरी नगावर, म्हणजे त्याची कमाईही बंद.

१०.३०. कोकणातून फोन. एक ताई होमस्टे काढताहेत. साठ टॉवेल हवेत, मोरपंखी रंगात, त्यावर नाव विणलेलं. मी म्हटलं, किमान सहाशे घ्यावे लागतील. "पैसे रोख देते, मग साठ का घेत नाही?"

प्रश्न रास्त आहे. अर्धा किलोचा एक टॉवेल धरला तर साठांना सूत तीस किलो. आमचं रंगाचं भांडं शंभर किलोचं. त्यात तीस किलो घातलं तरी सूत बुडेल एवढं पाणी भरावंच लागतं, आणि मीठ पाण्याच्या मापानं पडतं, सुताच्या नव्हे. वाफही जवळपास तेवढीच जाते. शंभर किलो रंगवलं तर उरलेलं सत्तर किलो गोदामात पडून राहणार. मोरपंखी मागणारं दुसरं गिऱ्हाईक कधी येईल, सांगता येत नाही. नावासाठी जकार्डचं डिझाइन वेगळं.

समजा, या सगळ्या तयारीला बारा हजार रुपये लागले. साठ टॉवेलांत वाटले तर नगामागे दोनशे, सहाशेंत वाटले तर वीस. 'किमान सहाशे' हा आकडा इथून येतो. गिऱ्हाईक टाळायला आकडा फुगवणारे कारखानदारही आहेत; ते मला मुळीच पटत नाही. आकडा सांगणाऱ्याला त्याचा हिशेबही सांगता आला पाहिजे.

दुपारी ३. चार नंबर सुरू झाला. ताण जुळेपर्यंतचे पहिले नग लूप सैल म्हणून बाजूला काढले.

५. ताईंना फोन केला. पांढरे टॉवेल तयार आहेत, नाव भरतकामाच्या मशीनवर घालून देऊ, साठच घ्या. त्या तयार झाल्या.

तुमचीही गरज थोडीच असेल तर 'आकडा कमी करा' म्हणण्याआधी एवढं विचारा: सध्या मागावर कोणता रंग चालू आहे?