खोक्याचा यंत्रमानव



"सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही," असे आमची आजी नेहमी म्हणते. या वर्षी विज्ञान दिनाला मला त्याचा चांगलाच अनुभव आला.

थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी 'रामन परिणामा'चा शोध लावला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'विज्ञान'. माझा लहाना भाऊ पहिलीत आहे. घरी येऊन त्याने दप्तर फेकले आणि जाहीर केले, "मी रोबो होणार!"

भाड्याने पोशाख मिळतो, पण एका दिवसाचे दोनशे रुपये. आमचे बाबा मोंढ्यात हमाली करतात. त्यांनी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. काही बोलले नाहीत. मी म्हणाले, "बाबा, राहू द्या. मी घरीच करते." मी सातवीत आहे, एवढे तर आपल्याला जमेलच असे मला वाटले. ते कसे जमले, आधी कसे फसले आणि तुम्हांला करायचे झाल्यास काय करावे, ते या लेखात सांगते.

रोबो म्हणजे काय?

हा शब्द झेक भाषेतला आहे. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार केलेली माणसे असतात. त्यांना नाव काय द्यावे हे चापेक यांना सुचेना. त्यांचा भाऊ योसेफ चित्रकार होता, त्याने 'रोबोट' हे नाव सुचवले. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, मालकासाठी जबरदस्तीने राबणे.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "वेठ? माझ्या सासऱ्यानं केलीय की ती!" १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. अधिकारी गावात आला की लोकांना ओझी वाहायला धरून नेत. मजुरी मागायची सोय नव्हती. 'वेठीला धरणे' हा शब्द आपण आजही वापरतो. तर रोबो म्हणजे वेठीचा गडी. माणसाची कंटाळवाणी, कष्टाची, धोक्याची कामे त्याने करावीत म्हणून तो बनवायचा.

गंमत म्हणजे चापेक यांच्या नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हतेच, ते माणसासारखेच दिसत. चौकोनी डबा हे रूप नंतर रूढ झाले. आणि खऱ्या यंत्राला माणसासारखे दिसण्याची गरजही नसते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातून बाहेर आलेल्या 'प्रज्ञान'ला डोके नाही, हात नाहीत. आहेत ती सहा चाके. वजन २६ किलो. पण आमच्या लहान्याला डबाच पाहिजे होता!

पहिला यंत्रमानव कसा फसला?

किराणा दुकानातून मी दोन खोकी आणली. मोठे अंगाला, लहान डोक्याला. लहान खोक्याला डोळ्यांपुरती दोन भोके पाडली. हात आतच ठेवले आणि बाहेरून पुठ्ठ्याचे खोटे हात चिकटवले. दिसायला एकदम झकास!

लहाना ऐटीत चालत निघाला आणि उंबऱ्याला अडखळून तोंडावर पडला. हात आत अडकलेले, त्यामुळे टेकायलाही आले नाहीत. ओठ फुटला, रक्त आले. "मला काहीच दिसंना... गरम व्हायलंय... मी नाही होणार रोबो!" म्हणून रडू लागला. मला फार वाईट वाटले. आजीने त्याला जवळ घेतले आणि मला म्हणाली, "अगं, यंत्राला वेठीला धरायचं सोडून लेकराला कामून वेठीला धरायलीस?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. मी खोक्याचे माप घेतले होते, पोराचे घेतलेच नव्हते.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. दोन्ही मुठींच्या नळ्या करून डोळ्यांना लावा आणि खाली न वाकता स्वतःचे पाय पाहा. दिसतात का? नाही ना! समोरचे दिसते, पण पायाखालचे दिसत नाही. भोकातून पाहणाऱ्याचे असेच होते.

दुसऱ्या यंत्रमानवाचे साहित्य

पन्हळी पुठ्ठ्याची दोन खोकी, मैद्याची खळ, चंदेरी बेगड, जुन्या लुगड्याचा काठ, नाडी, बाटल्यांची झाकणे, ज्वारीचे वाळलेले धाट, विजेरीचा छोटा दिवा, दोन पेन्सिल सेल आणि वायरचा तुकडा. विकत आणली ती फक्त बेगड. बाकी सगळे घरात, दुकानात आणि शेतात मिळाले.

कृती

१) आधी माप. मुलाला मांडी घालून बसवा. त्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत सुतळीने मोजा. खोके त्यापेक्षा चार बोटे आखूड पाहिजे. लांब असले तर खाली बसताच ते जमिनीला टेकून वर सरकते आणि हनुवटीला लागते. अंग आणि खोके यांच्यात दोन्ही बाजूंनी एकेक मूठ जागा सोडा.

२) पुठ्ठा ओळखा. पन्हळी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो. त्यामुळे तो हलका असूनही ताठ राहतो. पन्हळीच्या दिशेने तो सहज दुमडतो, आडवा दुमडला तर मोडतो. म्हणून खोके घालताना पन्हळी उभ्या ठेवा. दुमडायच्या रेषेवर आधी चमच्याच्या दांडीने दाबून घ्या, घडी सरळ येते. कापण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. आमचे बाबांनी केले.

३) हात बाहेर. हातांची भोके मोठी आणि लांबट पाडा. मुलाला नाकाला हात लावता आला पाहिजे आणि जमिनीवरचा खडू उचलता आला पाहिजे. या दोन परीक्षांत पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. हातांवर जुन्या बाह्या चढवून त्यांना बेगड लावली की यंत्राचे हात झाले.

४) वारा खेळू द्या. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपारचे ऊन किती तापते हे सांगायला नको. घाम वाळला की अंग थंड होते, पण बंद खोक्यात घाम वाळत नाही. म्हणून गळ्याचे भोक मोकळे ठेवा आणि खोके खालून उघडे ठेवा. गरम हवा हलकी असते, ती गळ्याकडून वर जाते आणि खालून ताजी हवा आत येते. दोन्ही कुशींना खिडक्याही कापा. त्यावर काळ्या रेघा काढल्या की त्या यंत्राच्या जाळीसारख्या दिसतात. सोयही झाली आणि शोभाही!

५) ओझे खांद्यावर. आतून लुगड्याच्या काठाचे दोन रुंद पट्टे लावा. सुतळी लावू नका, ती खांद्यात रुतते. तेच वजन रुंद पट्ट्यावर पसरते, म्हणून टोचत नाही.

६) पाठ उघडी. खोक्याची पाठ मधोमध उभी कापा आणि तिथे नाडी बांधा. सुरगाठ मारा, निरगाठ नको! एका ओढीत पोशाख उतरला पाहिजे. याचा उपयोग पुढे कळेलच.

७) डोके. लहान खोक्याची पुढची बाजू पूर्ण कापून टाका. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड उघडे. आत कापडाची चुंबळ बसवा, पाण्याच्या घागरीखाली ठेवतात तशी. मग खोके डोक्यावर डुगडुगत नाही. तारेची एरिअल लावू नका, कोणाच्या तरी डोळ्यात जाईल. ज्वारीच्या धाटाचा आतला मऊ गाभा घ्या. तो हलका असतो आणि धक्का लागला की मोडतो. धाटाची साल मात्र पात्यासारखी कापते, ती मोठ्यांकडून काढून घ्या.

८) दिवा. दोन सेल एकापुढे एक जोडा. एकाचे टोक दुसऱ्याच्या बुडाला लागले पाहिजे. प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे तीन व्होल्ट झाले. विजेरीचा दिवा त्यावर छान लागतो. घड्याळातले गोल बटण सेल लहान मुलांच्या हाती देऊ नका. ते गिळले तर अन्ननलिका आतून भाजते. घरातल्या विजेला तर हात लावायचाच नाही.

९) सजावट. पुठ्ठ्यावर खळीने बेगड चिकटवा, झाकणांची बटणे करा. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या पोशाखात घालू नये. आणि कागद-पुठ्ठा पेट घेतो, हे विसरू नका. समई, निरांजन यांपासून दूर उभे राहायचे.

हे सगळे व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. लहाना आधी जवळच येईना. मग मी त्यालाच बटणे चिकटवायला सांगितली. त्याने सगळी वाकडी चिकटवली. मी ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन खोक्यात शिरला.

स्पर्धेच्या दिवशी

लहाना व्यासपीठावर आला. छातीवरचा दिवा लागला. तुटक तुटक आवाजात तो म्हणाला, "मी — यंत्र — मानव — आहे. मला — काम — सांगा."

पाहुण्यांनी हसत विचारले, "काय रे यंत्रमानवा, आम्हांला पाणी आणून देतोस का?"

लहाना क्षणभर गप्प राहिला. मग त्याच आवाजात म्हणाला, "आधी — मला — शूला — जायचे — आहे."

सगळी शाळा हसली. मी धावत गेले, नाडी ओढली, खोके दोन भागांत उघडले आणि यंत्रमानव पळत सुटला! बघा, सुरगाठ कामी आली की नाही?

आमचा नंबर आला नाही. पण परत आल्यावर त्याने आपल्या हातांनी पाहुण्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला, एक थेंब न सांडता. बाबा त्या दिवशी मोंढ्यातून अर्धी सुट्टी काढून आले होते. ते मागे भिंतीपाशी उभे होते. घरी जाताना खोके त्यांनी डोक्यावर घेतले. रोज पोती वाहणाऱ्या बाबांना ते कापसासारखे हलके वाटले असेल!

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या संध्याकाळी मुले नाना सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागतात. त्यांच्यातही खोक्यांचे रोबो असतात. आपल्याकडे बहुरूपी सोंग घेऊन दारोदार येतो. सोंग कुठलेही असो, आतले माणूस सुखात असले तरच ते वठते, एवढे मी या खोक्यातून शिकले.

आता त्या खोक्यात आजीने खुडूक कोंबडी बसवली आहे. एकवीस दिवसांनी पिले निघतील. यंत्रमानव अजून कामावर आहे!

मग मित्रांनो, तुम्हीही करणार ना असा यंत्रमानव? पण आधी माप घ्या बरे का, खोक्याचे नव्हे, लेकराचे.