प्रीमियम खिडकी की मध्यम? भाव नको, हिशोब बघा

दसरा-दिवाळी जवळ आली, सोयाबीन बाजारात आलं, की आपल्या कळमनुरीत दोन कामं हमखास निघतात. एक म्हणजे घराची रंगरंगोटी, आणि दुसरं म्हणजे जुन्या लाकडी खिडक्या काढून नवीन बसवणं. हिंगोलीचा किंवा नांदेडचा माणूस येतो, टेप लावतो आणि दोन कोटेशन हातात ठेवतो. एक ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगचं, दुसरं डबल काचेच्या यूपीव्हीसीचं. दुसरं पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतं. वर तो म्हणतो, "साहेब, एकदाच घ्या, चांगलं घ्या."

आता यात खरी अडचण काय आहे? आपण दुकानदार लोक. घराचा खर्च आणि दुकानाचा गल्ला यांच्यात आपल्याकडे भिंत नसते. खिडकीत जास्तीचे ऐंशी हजार गेले, तर ते बहुतेक वेळा सीझनच्या मालाचेच असतात. म्हणून हा विषय खिडकीचा कमी आणि भांडवलाचा जास्त आहे.

आधी पूर्ण खर्च मांडा

समजा घराला ६ खिडक्या आहेत, प्रत्येकी ४ बाय ४ फूट. म्हणजे एकूण ९६ चौरस फूट. खालचे भाव मी फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तिथं तुमच्या कोटेशनचे आकडे टाका.

मध्यम पर्याय: तीन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग, ५ मिमी काच, मच्छरजाळीसह, ४५० रुपये फूट. झाले ४३,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,७७६. एकूण ५०,९७६.

प्रीमियम पर्याय: यूपीव्हीसी, डबल टफन काच, १,१०० रुपये फूट. झाले १,०५,६००. जीएसटी १९,००८. एकूण १,२४,६०८.

बहुतेक लोक इथंच थांबतात. पण कोटेशनच्या बाहेर तीन खर्च लपलेले असतात. जुनी चौकट काढणं आणि प्लास्टर, प्रत्येक खिडकीला १,५०० धरले तरी ९,०००. दुसरं म्हणजे ग्रील. जुने गज लाकडी चौकटीतच ठोकलेले असतात, चौकट गेली की गजही गेले. नवीन ग्रील १५० रुपये फुटाने धरली तर १४,४००. आणि प्रीमियम माल बाहेरगावाहून येणार असेल, तर गाडीभाडं ६,००० धरू.

आता खरी बेरीज बघा. मध्यम ७४,३७६. प्रीमियम १,५४,००८. फरक ७९,६३२ रुपये.

"महिन्याला फक्त शंभर रुपये"

विकणारा हुशार असेल तर तो असं मांडेल: मध्यम खिडकी १५ वर्षं चालेल, मधे दोनदा रोलर, ब्रश, जाळी बदलायला ७,२०० लागतील. वर्षाला पडली ५,४३८. प्रीमियम २५ वर्षं चालेल, मधे १२,००० ची देखभाल. वर्षाला पडली ६,६४०. फरक वर्षाला बाराशे, म्हणजे महिन्याला शंभर रुपये! एवढ्यासाठी काय विचार करायचा?

गणित बरोबर आहे, पण अर्धं आहे. कारण ते ७९,६३२ रुपये तुम्हाला महिन्याला शंभर-शंभर करून द्यायचे नाहीत, आजच एकरकमी द्यायचे आहेत. हेच पैसे १२ टक्के व्याजाने उचलले, तर पहिल्या वर्षाचं व्याजच साधारण साडेनऊ हजार होतं. आणि दुकानातून काढले, तर? माल वर्षातून चार वेळा फिरत असेल आणि दर फेरीला ८ टक्के निव्वळ सुटत असतील, तर ही रक्कम वर्षाला पंचवीस हजार कमावून देत होती. ती कमाई तुम्ही भिंतीत बसवताय. पैसे खरंच मोकळे पडून असतील तर गोष्ट वेगळी. नसतील तर हा आकडा वहीत लिहून मगच "हो" म्हणा.

जास्तीच्या पैशात नेमकं काय मिळतं?

प्रीमियम खिडकी खोटी नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता सहज आत येते, यूपीव्हीसीमधून फार कमी. दोन काचांमधल्या बंद हवेमुळे उष्णता येण्याचा वेग साध्या एका काचेच्या जवळपास निम्म्यावर येतो. गाड्यांचा आवाजही कमी होतो.

पण हा फायदा खिडकी बंद असेल तेव्हाच. आपल्याकडे उन्हाळा कशावर निघतो? कूलरवर. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये तुमची महागडी डबल काच बाजूला सरकवलेली असणार. मग पैसे कशाचे दिले?

एसी असलेल्या खोलीचं बघू. चार महिने, रोज ८ युनिट धरले तर ९६० युनिट. डबल काचेने १० टक्के वाचले असं धरलं तर ९६ युनिट, १० रुपयांच्या दराने ९६० रुपये. त्या एका खिडकीचा जास्तीचा खर्च जीएसटीसह १२,२७२. वसूल व्हायला पावणेतेरा वर्षं.

आणि पश्चिमेचं थेट ऊन साध्या डबल काचेतूनही बऱ्यापैकी आत येतंच. ते बाहेरच अडवावं लागतं. मोठा छज्जा, बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हे काम स्वस्तात करतात.

माझा सल्ला: सगळ्या खिडक्यांना एकच माप लावू नका

आपण दुकानात सगळ्या मालात सारखा पैसा अडकवत नाही. जो माल चालतो त्यात जास्त टाकतो. खिडक्यांचंही तसंच करा. एसीची झोपायची खोली किंवा मुख्य रस्त्याकडची अभ्यासाची खोली, तिथं एखादी प्रीमियम खिडकी घ्या. तिथं विजेपेक्षा झोप आणि शांतता विकत घेताय, आणि ती किंमत द्यायला हरकत नाही. बाकी ठिकाणी मध्यम, पण चांगली मध्यम.

लहान मुलांच्या हाताशी येणारी किंवा मोठी काच असेल तर तिथं टफन घ्याच. ती फुटली तरी तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते विसरू नका. एक लक्षात ठेवा, टफन काच नंतर कापता येत नाही. माप चुकलं की काच गेली, म्हणून माप दोनदा घ्या.

"चांगली मध्यम" कशी ओळखायची?

१. सेक्शनचा कापलेला तुकडा मागा. ॲल्युमिनियम असेल तर जाडी बघा आणि कोटेशनवर लिहून घ्या. यूपीव्हीसी असेल तर आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते बघा.

२. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं हवीत, आणि खिडकीचा कट्टा बाहेर उतरता हवा. नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी घरात.

३. मापाची पद्धत विचारा. काही ठिकाणी इंच वाढवून पूर्ण फूट धरतात. ३ फूट ८ इंचाची खिडकी ४ फूट धरली, तर एका खिडकीमागे अडीच चौरस फूट जास्त. सहा खिडक्यांचे, ४५० च्या भावाने, जवळपास ६,९०० रुपये.

४. रोलर, लॉक बिघडलं तर कोण येणार? कळमनुरीतला किंवा हिंगोलीतला कारागीर दुसऱ्या दिवशी येतो. लांबच्या कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी असली, तरी माणूस येणार कधी, हे लिहून घ्या.

५. घर जुनं, दगड-मातीच्या भिंतीचं असेल तर चौकट काढण्याआधी गवंड्याला दाखवा. वर लिंटेल नसेल तर चौकटच भिंतीचा भार पेलत असते.

तिसरं कोटेशन कुणी देत नाही

ते म्हणजे दुरुस्तीचं. जुनी चौकट सागवानी असेल, वाळवी नसेल, तर सुताराला बोलवा. बिजागऱ्या, नवीन पल्ले, बाहेरून जाळी, एक हात पॉलिश. बऱ्याच खिडक्या एवढ्यावर निघतात. आणि बदलायचंच ठरलं, तर ते सागवान फुकट देऊ नका. त्याला भाव येतो, आणि तो तुमच्या खर्चातून वजा होतो.

आता घरचा अभ्यास. वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा: दुरुस्ती, मध्यम, प्रीमियम. प्रत्येकाखाली पाच ओळी: पूर्ण खर्च, किती वर्षं चालेल, मधली देखभाल, पैसे कुठून येणार, आणि ते पैसे तिथं काय कमावत होते. हे पान घरच्यांसोबत बसून भरा, कारण खिडकीशेजारी कोण झोपतं आणि धूळ कोण पुसतं, हे त्यांना जास्त माहीत असतं. पाचवी ओळ भरल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.