अंगातली साखर आणि पेशीतले चिटबॉय



साखर हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पण इचलकरंजीच्या कोणत्याही दवाखान्यात बाकावर बसलेली आपली माणसे साखरेचे बोलू लागली की ती उताऱ्याची साखर नसते. 'उपाशीपोटी किती आली? जेवल्यावर किती?' असा तो हिशेब असतो. मग बाहेर चहाच्या गाड्यावर कुणीतरी थट्टा करतोच, 'कारखान्याचं सभासद तुम्ही, साखर होणारच की!'

थट्टा सोडा. पण एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 'जन्मभर पाणी पाजलं, भांगलण केली, अंगावर मांस म्हणून न्हाई, मग मला कशी झाली?' मधुमेह हा बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसाचा रोग, अशी आपली समजूत. ती अपुरी आहे, आणि ती कशी अपुरी आहे हे शोधण्यात पुण्याच्या मंडळींचा मोठा वाटा आहे.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि त्याच्या जोरावर रक्तातली साखर शरीरभर कामाला लागते. इन्सुलिन कमी पडले, किंवा असूनही शरीर त्याला दाद देईना, की साखर रक्तातच साचते. इथवर बहुतेकांना ठाऊक आहे. पण इन्सुलिन किती आणि केव्हा सोडायचे, हे पेशीत ठरवतो कोण?

इथे आपल्या शेती खात्याचा कारभार डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येक लागणीची नोंद वहीत असते. वही ऑफिसातून हलत नाही. तिच्यावरून तोडणीची चिठ्ठी निघते, चिठ्ठी फडात जाते, मग टोळी कोयता लावते. पेशीतही असेच आहे. डीएनए ही वही. तिच्या एका पानाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, ही चिठ्ठी. चिठ्ठीबरहुकूम प्रथिन तयार होते. इन्सुलिन हे असेच एक प्रथिन. पण नुसती चिठ्ठी फडात पोचून भागत नाही. गव्हाण तुंबली असेल तर चिटबॉय येऊन सांगतो, 'आज तोड बंद ठेवा.' पेशीतले हे चिटबॉय म्हणजे मायक्रो-आरएनए. लांबी जेमतेम २२ अक्षरांची. ते चिठ्ठीला चिकटतात आणि एकतर ती फाडतात, नाहीतर तिची अंमलबजावणी रोखतात. एकेकाच्या ताब्यात अनेक चिठ्ठ्या असतात. वही तीच, रान तेच, पण चिठ्ठ्यांचा कारभार बिघडला तर हंगाम कसा बिघडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली हे प्रकरण एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत उजेडात आणले. कृमीचे कौतुक कोण करणार? बरीच वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे माणसात, जनावरात, झाडात, अगदी आपल्या उसातही असे रेणू सापडले आणि २०२४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहाशी संबंध जुळला तो २००४ साली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांना बीटा पेशीत ३७५ क्रमांकाचा मायक्रो-आरएनए सापडला. तो वाढवला की इन्सुलिन सुटणे कमी होई. मग तो नकोच म्हणावे, तर २००९ साली दिसले की तो मुळीच नसलेल्या उंदरांच्या बीटा पेशीच कमी भरतात आणि साखर चढते. उसाच्या पाण्यासारखेच झाले: कमी पडले तरी वाईट, जास्त झाले तरी वाईट.

त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. आनंदवर्धन हार्डीकर आणि डॉ. मुग्धा जोगळेकर हे मानवी स्वादुपिंडातील मायक्रो-आरएनएंचा अभ्यास करीत होते. पुढे दोघे ऑस्ट्रेलियात गेले. २०२५ साली त्यांच्या गटाने ५० मायक्रो-आरएनए मोजून लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका अजमावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तपासलेल्या नमुन्यांत भारतातलेही होते.

आता तो वाळक्या अंगाचा प्रश्न. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी? यडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दिसायला काटकुळा आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह. आणि ही गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळाचे ३.५ किलो, पण आपल्या बाळाच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा अंगाने बारीकच होती, तरी मुलग्यांपैकी तीनातल्या एकाहून अधिकांची साखर वाढू लागलेली आढळली.

हार्डीकर-याज्ञिक यांनी २०१५ साली आणखी एक प्रयोग जाहीर केला. पांढऱ्या उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी ठेवल्या होत्या. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घातले, तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही. वही बदलली नव्हती. इन्सुलिनच्या पानावरच्या खुणा बदलल्या होत्या. हे काम चिटबॉयचे नव्हे, त्याच्याही वरच्या साहेबाचे म्हणा. पण धडा तोच, की पान तेच राहून कारभार बदलतो. आमच्या मते दुष्काळ भोगलेल्या प्रदेशाने हा प्रयोग नीट ध्यानात घ्यावा.

त्या उंदरांत आणि त्या खेड्यांतल्या बहुसंख्य आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते भाजीभाकरीत नसते. दूध, दही, अंडी, मांस-मासळीत असते. म्हणून २०१२ पासून त्याच घरांतल्या वयात आलेल्या मुला-मुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा उपक्रम पुण्याच्या मंडळींनी केला. तेवढे साधारण दोन मोठे पेले दुधात मिळते. आपल्या गोठ्यातले दूध पहाटे डेअरीला जाते आणि घरातली लेक कोरा चहा पिते, हे चित्र आमच्या भागात नवे नाही. शाकाहारी घरांनी तर याकडे अधिक लक्ष द्यावे.

मायक्रो-आरएनएची गोळी मधुमेहावर अजून आलेली नाही. कुणी 'पेशी दुरुस्त करतो' म्हणून पुड्या विकू लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावा, आणि त्याच्या नादाने इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करू नका. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला मधुमेह असेल त्यांनी त्याआधीच, अंग बारीक आहे म्हणून न थांबता रक्त तपासून घ्यावे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आता इचलकरंजीत सहज होते.

राहता राहिला गूळ. साखर बंद, पण गुळाचा चहा चालतो, असे सांगणारे घरोघरी आहेत. गुळातही बहुतांश तीच साखर असते. रक्तात गेल्यावर गुऱ्हाळ कुठले आणि कारखाना कुठला, हे काही कळत नाही. मधुमेह झालेल्याने गुळाचा खडा हा चमचाभर साखर म्हणूनच हिशेबात धरावा.