कोंडाण्याची लेणी रोमन जहाजांच्याही आधीची

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी कोंडाणे लेण्यांकडे पर्यटकांची रीघ लागते. कर्जतहून कोंदिवडे गाठायचे, राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चढायचे आणि कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यामागे उभे राहून छायाचित्रे काढायची, असा शिरस्ताच पडला आहे. एवढ्या आडरानात कोणी आणि कशासाठी डोंगर कोरला असेल, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी हे आडरान नव्हते. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत तालुक्यातून वाहत कल्याणच्या खाडीकडे जाते. दक्षिणेला खालापूर तालुक्यात पाताळगंगेचे खोरे असून खोपोलीजवळ बोरघाटाची चढण सुरू होते. सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांतील माल या खोऱ्यांतूनच घाटमाथ्यावर जात असे. घाट चढताच कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी लागतात आणि खाली कोकणाच्या अंगाला कोंडाणे. व्यापाऱ्यांना वाटेत निवारा हवा होता आणि भिक्षूंना दान. त्यामुळे विहार आणि वाट यांचा असा मेळ जमला.

या वैभवाचे श्रेय सरसकट रोमन व्यापाराला देण्याची पद्धत आहे. ती पूर्णपणे चुकीची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण व चौल या तिन्ही बंदरांचा उल्लेख येतो. घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांची खापरे सापडली, तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकातील उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. परंतु कालक्रम पाहिला की हिशेब बदलतो. रोमने इजिप्त जिंकले ते इसवी सनपूर्व ३० मध्ये आणि मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या त्यांच्या जहाजांची वर्दळ त्यानंतर वाढली. कोंडाण्याचे चैत्यगृह मात्र सर्वसाधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील किंवा त्याहून थोडे आधीचे मानले जाते. म्हणजे वाट जुनी, वाटेवरचे दान जुने. रोमन माल तिच्यावर नंतर आला.

सुमारे ६६ फूट खोल असलेल्या या चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, केवळ स्तूप आहे. दर्शनी भागातील कमानी, कठडे व जाळ्या लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल करतात. सुताराच्या कामावर हात बसलेल्या कारागिरांनी दगडाला हात घातला, हे उघड दिसते. शेजारच्या विहारात स्तंभांच्या दालनाभोवती १८ खोल्या आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका शिल्पित मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतील एक ओळ असून, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ आहे. प्राचीन लेण्यांत दात्यांची नावे मुबलक सापडतात. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकट गावच्या यवनांचीही आहेत. घडविणाऱ्याचे नाव मात्र विरळाच. त्या दृष्टीने बलकाची ही ओळ मोलाची आहे.

ही वाट नेहमीच खुली होती असेही नाही. कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जातात, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. सत्तासंघर्षाचा फटका बंदराला आणि पर्यायाने खोऱ्यालाही बसला असणार.

कर्जत तालुक्यातच पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, चिल्लार नदीच्या काठावर आंबिवलीचे लेणे आहे. तेथे गर्दी कमी, म्हणून निवांतपणे पाहता येते. कोंडाण्याजवळील एका नैसर्गिक गुहेत चित्रेही आढळली आहेत. ती आदिमानवाची असल्याचे सांगितले जाते. पण पुरातत्त्व अधिकाऱ्यांच्या अंदाजानुसार ती इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकानंतरची आहेत.

लेणी दगडाची आहेत, ती टिकली. व्यापारी जेथे उतरले, बैल जेथे सोडले, त्या वस्त्यांच्या खुणा असतील तर त्या नदीकाठच्या मातीत, आणि कर्जत परिसरात शेतघरे व रिसॉर्टसाठी हीच माती यंत्राने उपसली जाते. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी व पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे; पण शेतातील खापरांना असे कोणतेही कुंपण नाही. नाणी किंवा दागिने सापडल्यास मात्र १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे त्यानुसार बंधनकारक आहे. फुटक्या घागरीच्या काठाची किंमत कोण दहा रुपये धरणार? जुन्या वाटेचा माग मात्र अशाच तुकड्यांवरून लागतो.