कान्हेरीचा झरा आणि माझी एक चूक

या पानावर मी नेहमी बेणे, खते आणि खोडव्याची गोष्ट सांगतो. आज जरा वेगळे.

थोरली बहीण विठ्ठलवाडीस, कल्याणच्या अलीकडच्या अंगाला राहते. गणपती उठल्यावर तिच्याकडे गेलो होतो. भाच्याला फोटोचा नाद. म्हणाला, "मामा, कान्हेरीला चला, झऱ्याचा फोटो काढू." दादरला गाडी बदलून बोरीवली गाठली. तेथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलात, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत.

लेण्यांच्या वाटेला एका कपारीतून बारीक झरा फुटून पुरुषभर उंचीवरून पडत होता. चार दिवस पावसाचा टिपूस नव्हता, तरी धार चालू आणि पाणी नितळ. गढूळ पाणी असते ते वाहून आलेले. नितळ पाणी पाचोळ्यातून, मातीतून मुरते आणि खाली कठीण खडक लागला की बाहेर पडते.

भाच्याने कॅमेरा स्टँडवर बसवला. उन्हात पाण्याचा नुसता पांढरा डाग येतो, म्हणून ढगाची वाट पाहिली. पहिला फोटो सेकंदाचा आठवा भाग पडदा उघडा ठेवून घेतला. करंगळीएवढी धार पिंजलेल्या कापसासारखी, दुधाची पडावी तशी दिसली! दुसरा सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा. त्यात थेंब न् थेंब सुटा. भाच्याला पहिला आवडला, मला दुसरा. पहिल्यात होते त्याहून पाणी जास्त दिसते.

आणि तिथेच मला आपल्या माळावरचा झरा आठवला. काही वर्षांपूर्वी तो कार्तिकात पाहून "बारमाही पाणी" असा शेरा मी ऊस नोंदीवर मारला. सभासदाने माझ्या शब्दावर लागण केली आणि चैत्रात ऊस वाळला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

माघात पुन्हा कान्हेरीला गेलो. झऱ्याच्या जागी ओला डागही नव्हता. लेण्यांपुढच्या पोढ्यांत मात्र पाणी होते. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. पावसाचे पाणी चर काढून त्यात आणलेले. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने अशी एक पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. त्या लोकांनी झऱ्यावर भरवसा टाकला नव्हता. मी डिप्लोमा घेऊन टाकला!

असो. आता हिशेब पाहा. पंधरा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली तर दिवसरात्र मिळून 43,200 लिटर पाणी होते. ऐकायला पुष्कळ. पण एका एकराला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर तीन लाख लिटर लागतात. म्हणजे गळती न धरता एका एकराच्या एका पाळीला सात दिवस. ही झाली कार्तिकातली धार. चैत्रात बादलीला पाच मिनिटे लागली, तर त्याच पाळीला सत्तर दिवस.

येत्या चैत्रात मी बादली नि घड्याळ घेऊन माळावरचे झरे फिरणार आहे. ज्यांचा ऊस झऱ्यावर आहे, त्यांनी गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव सांगून ठेवावे. त्या सभासदाकडे मी आधी जाणार आहे.