इंजेक्शन दिलं, तरी कावीळ बघायचीच

गटाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "दिवस भरायच्या आत कळा आल्या म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, मग बाळ पिवळं का पडलं? इंजेक्शनामुळेच ना?"

तसं नाही. ते इंजेक्शन टोचतात आईला, पण ते असतं बाळाच्या फुप्फुसांसाठी. औषधाचं नाव डेक्सामेथासोन. 24 ते 34 आठवड्यांत वेळेआधी कळा आल्या, तर दर 12 तासांनी एक असे चार डोस देतात. जन्मल्यावर बाळाला श्वास घेता यावा, हे त्याचं काम.

कावीळ हे वेगळं प्रकरण. बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतात, त्यातून पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर काढायचं यकृताने. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृतच कच्चं, म्हणून पिवळेपणा वाढतो आणि जास्त दिवस टिकतो. ब्राझीलमधल्या 2011 च्या एका अभ्यासात, आठवा महिना सरताना किंवा नववा लागल्यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्या आयांच्या बाळांना काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवायची गरज कमी पडली. पण 2016 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तसा फायदा ठळक दिसला नाही. उलट बाळांच्या रक्तातली साखर जास्त वेळा उतरली. तेव्हा इंजेक्शनाच्या भरवशावर कावीळ सोडून देता येत नाही.

नुसतं इंजेक्शन पुरत नाही, हे आपल्या नागपूर आणि बेळगाव भागानेही पाहिलंय. तिथल्या आणि आणखी पाच देशांतल्या गावांमध्ये हे इंजेक्शन सर्रास पोचवलं. 2015 साली निकाल आला: बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, एकूण थोडे वाढलेच. पुढे 2020 मध्ये, जिथे कमी दिवसांच्या बाळाची नीट देखभाल होते अशा रुग्णालयांत मात्र त्याच औषधाने बाळं वाचली. म्हणून पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेलेल्या आमच्या बहिणींना सांगणं आहे, कळा लागल्या की खोपीवर थांबू नका, 108 ला फोन करा.

बाळाला उजेडात नेऊन बघा. कपाळ, छाती बोटाने हलकेच दाबली की रंग कळतो. तरी लहान बाळाचं रक्त तपासलेलंच बरं, नजर फसते. पहिल्याच दिवशी पिवळेपणा, तळपाय पिवळे, बाळ सुस्त, अंगावर ओढत नाही, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. द्रव्य फार वाढलं तर मेंदूत जातं, बाळाचं ऐकणं जाऊ शकतं. कोवळं ऊन दाखवणं हा त्यावर इलाज नव्हे. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. जाताना इंजेक्शन कधी, किती दिलं त्याचा कागद सोबत घ्या.