बंगळुरूच्या गच्चीवर अँडीज

पेरू देशातलं कुस्को शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेतेरा अंशांवर आहे आणि आपलं बंगळुरू उत्तरेला तेरा अंशांवर. विषुववृत्तापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच. कुस्कोच्या दक्षिणेला, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात माणसाने काही हजार वर्षांपूर्वी एक कडवट, विषारी रानकंद पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत बटाटा घडवला. बंगळुरूत जयनगरच्या किंवा मल्लेश्वरमच्या गच्चीवर कुणी कोंब आलेला बटाटा कुंडीत पुरतो, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त भाजीचं वाढलेलं बिल असतं. प्रत्यक्षात तो त्या रोपाला माहेरच्या हवेत आणून सोडत असतो.

ही हवा नेमकी कशी उपयोगी पडते ते कळायला आधी बटाटा हातात घेऊन नीट बघावा लागतो. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरची पेरं, आणि प्रत्येक डोळ्यात झोपलेल्या कळ्या असतात. एका डोळ्यापासून पुढच्या डोळ्यापर्यंत दोरा गुंडाळत गेलात, तर तो कंदाभोवती नागमोडी चढत जातो. फांदीवर पानं ज्या क्रमाने फिरत फिरत येतात, त्याच क्रमाने. रताळं घेऊन हा खेळ करून बघा, जमणार नाही. कारण रताळं खरोखरच मूळ आहे.

मातीखालच्या खोडाला आडव्या, पांढऱ्या फांद्या फुटतात. त्या अंधारात सरळ वाढत जातात आणि एके दिवशी त्यांचं टोक लांब होणं थांबवून फुगायला लागतं. थांबायचं कधी, हे त्या टोकाला सांगतं कोण? उत्तर मातीत नाही, वर पानांत आहे. पान रात्रीची लांबी मोजतं आणि योग्य वेळ आली की खाली निरोप धाडतं.

हा निरोप कसला असावा, याचा माग काढणारा एक प्रयोग मला फार आवडतो. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास फुलावर आलेल्या तंबाखूचं कलम बटाट्याच्या खुंटावर बांधलं. वर तंबाखू, खाली बटाटा. तंबाखूच्या पानांनी आपल्या सवयीप्रमाणे ‘फुला’ असा सांगावा दिला आणि खालच्या बटाट्याने त्याचा अर्थ ‘कंद धरा’ असा घेतला! पुढे २०११ साली माद्रिदच्या संशोधकांनी बटाट्यातलं ते निरोप्या प्रथिन शोधून काढलं. इतर झाडांत फूल आणणाऱ्या प्रथिनाचंच ते भावंड निघालं. वसंतात मोहर आणणारी यंत्रणा आणि आपल्या रश्शातला बटाटा एकाच घराण्यातले आहेत, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरातल्या टोपलीकडे बघत बसलो होतो.

अँडीजमध्ये दिवस वर्षभर बारा तासांच्या आगेमागे असतो, म्हणून मूळच्या बटाट्याला लांब रात्रीची सवय. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, तेव्हा तिथल्या उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत नुसता पाला माजायचा आणि कंद धरेपर्यंत थंडी दारात यायची. लांब दिवसांतही कंद धरणारी रोपं निवडण्यात तिथे पुढच्या कित्येक पिढ्या गेल्या. आपण लावतो ते वाण या निवडलेल्या बटाट्याचे वंशज आहेत. आखूड दिवसावाचून त्यांचं अडत नाही, पण तो मिळाला तर ते कंद लवकर धरतात. बंगळुरूत डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस साडेअकरा तासांच्या आत-बाहेर आणि जूनचा सर्वांत मोठा तेराच्या थोडा आत. फरक दीड तासाचा.

दुसरी गोष्ट रात्रीचा गारवा, आणि ती अधिक महत्त्वाची. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर रेंगाळू लागलं की कंद धरणं मंदावतं, कारण उष्णता तोच पानांतला निरोप दाबून टाकते. मुंबईत जुलैच्या रात्री २५ अंशांच्या असतात, तिथे पावसाळ्यात बटाटा लावाल तर झाड दिसेल, कंद दिसणार नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून थोडं अधिक उंच. तिथे जानेवारीच्या रात्री १५-१६ अंशांवर उतरतात आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्येही २० च्या आसपासच राहतात. अक्षांशाने दिवस बारा तासांचा ठेवला, उंचीने रात्र गार केली. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, तेवढी थंडी बंगळुरूत नाही हे खरं. पण कामापुरती आहे. हसन, चिक्कबळ्ळापूर, कोलार या आसपासच्या जिल्ह्यांत बटाटा शेतावर होतो तो याच हवेच्या बळावर. हसनचा बटाटा तर खरिपाचा, पावसावरचा. आपल्याकडे महाराष्ट्रात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर होतो तसा.

आता भावाकडे वळू. उत्तर भारतातलं मुख्य पीक जानेवारी ते मार्च या काळात निघतं, शीतगृहात जातं आणि तिथून वर्षभर थोडं थोडं बाहेर येतं. म्हणून दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने नाजूक. जुना साठा आटत आलेला, नवा बटाटा अजून मातीत. २०२० च्या ऑक्टोबरात भाव इतके चढले की जगात चीनखालोखाल सर्वांत जास्त बटाटा पिकवणाऱ्या या देशाने १० लाख टन बटाटा सवलतीच्या शुल्कात आयात करायची परवानगी दिली. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भावातल्या चढउतारासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना आली होती, तरीही.

आणि इथे गच्चीवरच्या शेतकऱ्याची गंमत होते. बंगळुरूत कुंडीतल्या बटाट्याला सर्वांत निर्धोक हंगाम म्हणजे ऑक्टोबरअखेर लावणी आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. नेमका तेव्हाच यशवंतपूरच्या बाजारात बटाटा स्वस्त होत असतो. जूनमध्ये लावलात तर सप्टेंबरच्या महागाईत हाताशी येईल, पण मधल्या पावसाळ्यात करपा गाठतो. हा साधासुधा रोग नव्हे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारी हीच बुरशीसारखी जात. दमट, ढगाळ हवेत पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडतात आणि आठवड्याभरात सगळा पाला काळा पडतो. शेजारच्या कुंडीत टोमॅटो असेल तर तोही जातो. दोघं एकाच कुळातले.

हिशेबही करून टाकू. देशाचं सरासरी उत्पादन हेक्टरी २५ टनांच्या आसपास, म्हणजे एका चौरस मीटरला अडीच किलो. दहा बाय दहा फुटांचा तुकडा पूर्ण लावला आणि शेतकऱ्याइतकं साधलं तर २३ किलो निघतील. आठवड्याला किलोभर बटाटा लागणाऱ्या घराला पाच महिने पुरून उरतील इतके. ऐकायला छान. पण तेवढ्याच जागेत फूटभर ओली माती म्हणजे चार टनांहून अधिक वजन, दर चौरस मीटरला साडेचारशे किलो. भारतीय मानकाप्रमाणे वावरायच्या गच्चीसाठी धरलेला भार असतो सुमारे दीडशे किलो. तेव्हा गच्चीभर माती पसरायची कल्पना सोडून द्या. हलकं मिश्रण वापरा, पिशव्या सुट्या ठेवा, खांब आणि तुळयांच्या रेषेवर मांडा. हेसरघट्टाच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोकोपीट आंबवून झाडांना मानवेल असं करायची पद्धत काढली आहे, ती अशा ठिकाणी कामाची.

चाळीस लिटरच्या एका पिशवीतून एक-दीड किलो निघाला तरी चांगलं पीक म्हणायचं. उंच पिंपात माती चढवत गेलं की तळापासून वरपर्यंत बटाटे लागतात, असे व्हिडिओ फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक वाण एकाच थरात कंद धरतात. मातीची भर द्यायची ती मुख्यतः ऊन अडवायला. उजेड लागला की कंद हिरवा होतो. तो हिरवा रंग निरुपद्रवी आहे, पण त्याच्याबरोबर सोलॅनिन हे विष वाढतं आणि ते शिजवून जात नाही. कडू लागलेला बटाटा टाकून द्यावा, काटकसर करू नये.

बेण्याचं सांगतो, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. बटाटा बहुधा बीपासून नव्हे, कंदापासून वाढवतात. प्रत्येक नवं झाड म्हणजे जुन्या झाडाचाच तुकडा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी ज्योती’ हा वाण १९६८ मध्ये प्रसारित केला. तुमच्या पिशवीत आज लावलेली कुफरी ज्योती वंशज नाही, तीच ती आहे. एकच रोप पन्नासहून अधिक वर्षं हजारो शेतांत जगतं आहे. याची दुसरी बाजू अशी, की रोपाला लागलेले विषाणूही बेण्यातून पुढे जातात. हसनचे शेतकरी वर्षानुवर्षं जालंधरहून ट्रकने येणाऱ्या बेण्यावर अवलंबून राहिले. आता आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आणि कर्नाटकातलं उद्यानविद्या विद्यापीठ तिथे प्रयोगशाळेतल्या निरोगी रोपांचे शेंडे खुडून, त्यांना मुळं फोडून, ती रोपं शेतकऱ्यांपर्यंत पोचवत आहेत.

बाजारातला बटाटा लावायचा तर एक अडचण असते. शीतगृहात काही साठ्यांना कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, ते महिनोन् महिने झोपून राहतात. आपणहून कोंब काढलेला, कोंबडीच्या अंड्याएवढा अख्खा बटाटा निवडा. आठ-दहा दिवस सावलीच्या उजेडात ठेवा, कोंब आखूड आणि जाड होतील. अंधारात ते लांब, पांढरे आणि ठिसूळ होतात. पिशवीत दोन कंद, चार इंच खोल. रोप वीतभर झालं की भर द्या, नंतर पुन्हा एकदा. पिशवी विटांवर ठेवा, नाहीतर स्लॅबची उष्णता खालून माती भाजते आणि रात्रीच्या गारव्याचा फायदा वाया जातो. पाला पिवळा पडला की पाणी बंद करा, दहा-बारा दिवसांनी उकरा. तोवर साल घट्ट होते आणि बटाटा टिकतो.

या शहरात सोबतही मिळते. कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरच्या सेंद्रिय शेतीचा नाद बंगळुरूकरांना लावला आणि ‘ऊटा फ्रॉम युअर तोटा’ हे गच्चीशेतकऱ्यांचे मेळे २०११ पासून भरत आले. तिथे बियाणं, खत आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांच्या फसगतीच्या गोष्टी मिळतात.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. पिशवी, कोकोपीट आणि गांडूळखत यांचा खर्च पहिल्या हंगामात दीड किलो बटाट्यातून निघत नाही. दोन पिशव्यांची जागा असेल तर एकीत बटाटा लावा, तो उकरण्यासाठी. दुसरीत पालक आणि कोथिंबीर पेरा. भाजीचं बिल ती दुसरी पिशवी कमी करेल.